बाउन्सर सगळ्यात शेवटी

'पबमध्ये दारू चढून धिंगाणा घालणारा गिऱ्हाईक कितीही पैसेवाला असो, बाउन्सरने दंडाला धरून बाहेर काढावा' असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पुण्यात पबच्या फ्लोअरवर सहा वर्षं काढली आहेत. चारचौघांत हात लागला की असा माणूस आणखी चेकाळतो. शिवाय बाउन्सरला मारहाणीचा काही अधिकार नसतो, केस उलट त्याच्यावरच होते. आम्ही आधी टेबलावरचा त्यातल्या त्यात शुद्धीतला मित्र हेरायचो आणि त्याला बाजूला घेऊन हळूच सांगायचो, "दादा, यांना आता घरी न्या, बिलाचं उद्या बघू." एकदा एकाने ग्लास फोडून माझी कॉलर धरली, 'मालकाला बोलाव' म्हणून. त्याच्या मित्रानेच त्याचं एकेक बोट सोडवलं आणि त्याला गाडीपर्यंत नेलं. किल्ली मात्र ड्रायव्हरच्याच हातात द्यायची, तिथे भीड नको.

आणि 'आता मिळणार नाही' हे सांगायला पोरासोरांना एकटं पाठवू नका, मॅनेजरने स्वतः जावं. १९९९ साली दिल्लीच्या 'टॅमरिंड कोर्ट' या रेस्टॉरंटमध्ये बार बंद झाल्यावर दारू नाकारली, एवढ्यावरून तिथे बारवर काम करणाऱ्या जेसिका लाल या मॉडेलला गोळी घातली. माझ्याकडची वेटर पोरं विशीतली होती. त्यांना पुढे करायला माझा जीव कधीच धजावला नाही.