दादाच्या युरीनमध्ये कॅन्डिडा ऑरिस (एक बुरशी) निघालं, भेटायला जाऊ का?

गोंधळलेली: दादाचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन चार महिने झाले, टॅक्रोलिमस वगैरे (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची औषधं) चालूच आहे. मध्ये न्यूमोनिया होऊन आयसीयूत होता, आता ताप नाही, खातोपितो, पण काल युरीन कल्चरमध्ये हे निघालं आणि लगेच वेगळ्या रूममध्ये हलवलं, दारावर बोर्ड, आत जायचं तर गाऊन-ग्लोव्हज, आणि औषध मात्र काहीच नाही!! मागे साधं फंगल झालं तेव्हा फ्लुकोनॅझोल दिलेलं, मग आता का नाही? घरी लहान मुलगी आहे, जाऊ की नको?

लॅबवाला: मायक्रोबायोलॉजीत काम करतो. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान, 2009 मध्ये जपानमधल्या एका पेशंटच्या कानात सापडलं म्हणून हे नाव. जुन्या मशीनवर बरेचदा हेमुलोनाय म्हणून भलतंच नाव (दुसऱ्याच कॅन्डिडाचं) यायचं, माल्डी-टॉफ नावाच्या नव्या मशीनवर लावलं की खरं कळायचं, तेव्हा तुमच्याकडे नेमकं नाव आलंय हे बरंच झालं. फ्लुकोनॅझोलला याचे बहुतेक स्ट्रेन दाद देत नाहीत आणि वर ते टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतं, म्हणजे फायदा शून्य आणि नव्या किडनीला त्रास. डब्ल्यूएचओच्या 2022 च्या धोकादायक बुरशींच्या यादीत 19 बुरशी आहेत, त्यात सगळ्यात वरच्या गटात चारच, त्यातली ही एक.

रात्रपाळी: लॅबवाले, यादी सांगून अजून घाबरवलंत त्यांना 😄 ताई, युरीनमध्ये निघालं म्हणजे इन्फेक्शन झालंच असं नाही, कधी नुसतं अंगावर, कॅथेटरवर बसलेलं असतं. त्रास नसेल तर सहसा औषध देत नाहीत. रक्तात उतरलं तर गोष्ट वेगळी, मग मायकाफंजिन, कॅस्पोफंजिन अशी बुरशीवरची औषधं सुरू करतात (ती लघवीत नीट उतरतच नाहीत, ही एक पंचाईत). तुम्ही धडधाकट असाल तर जा, मुलीला नका नेऊ. बोर्ड आहे तो शेजारच्या पेशंटसाठी, कारण हे बेडच्या दांडीवर, बीपीच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे टिकतं आणि नेहमीच्या फिनाइलछाप पुसण्याने जाईलच असं नाही, क्लोरीन लागतं. आणि नातेवाईक काय करतात, ग्लोव्हज घालून पेशंटला हात लावतात आणि त्याच हाताने मोबाईल काढतात!

गोंधळलेली: अरे देवा, मी काल तेच केलं 🙈 आता मोबाईल बाहेर ठेवून जाते. कॅथेटर आज काढताहेत म्हणे. पण हा बोर्ड किती दिवस राहणार?

रात्रपाळी: अंगावर महिनोन् महिने राहू शकतं, आणि ते घालवायचा खात्रीचा उपाय अजून नाही. ग्लोव्हज काढल्यावर हँडरब विसरू नका. आणि पुढे दुसरीकडे कुठे अॅडमिट व्हायची वेळ आली तर हा रिपोर्ट आधीच दाखवा, ते विचारतील याची वाट बघू नका.