पोगोच्या दलदलीतलं रानमांजर

"वेबकॉमिकमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रमालिकेत, नेत्यांऐवजी प्राणी काढणं म्हणजे अंग चोरून टीका करणं" असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेत हे काम ज्यांनी धीटपणे केलं, त्या 'पोगो' या वर्तमानपत्री चित्रमालिकेच्या वॉल्ट केलींचंच बघा. जॉर्जियातल्या ओकेफेनोकी दलदलीत राहणारा पोगो नावाचा ओपॉसम (पोटाला पिशवी असणारा छोटा प्राणी) हा त्यांचा नायक. लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर जोसेफ मॅकार्थींच्या धाकाने भलेभले मूग गिळून बसले होते, तेव्हा म्हणजे १९५३ साली, केलींनी त्या दलदलीत एक रानमांजर आणून सोडलं. नाव सिंपल जे. मलार्की आणि चेहरा थेट मॅकार्थींचा. यात लपवाछपवी कुठे आली?

पुढचा किस्सा तर मला फार आवडतो. अमेरिकेतल्याच प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राने बजावलं, की हा चेहरा पुन्हा दिसला तर चित्रमालिका बंद. केलींनी काय करावं? प्रॉव्हिडन्सहून आलेली एक कोंबडीच गोष्टीत घातली आणि तिच्यापासून तोंड लपवायला मलार्कीच्या डोक्यावर पिशवी चढवली! मात्र बिचकणाऱ्या संपादकांसाठी राजकीय पट्टीऐवजी छापायला सशांच्या निरुपद्रवी चित्रपट्ट्याही त्यांना वेगळ्या काढून द्याव्या लागत.

वेबवर ही दुहेरी मेहनत वाचते, म्हणून मला हे माध्यम महत्त्वाचं वाटतं. 'ब्लूम काउंटी' या अमेरिकी चित्रमालिकेचे बर्कली ब्रेथेड २०१५ साली पुन्हा काढायला लागले ते थेट फेसबुकवर, मध्ये कोणी संपादक नाही. त्यातला ओपस नावाचा पेंग्विन वाचला नसेल तर जरूर वाचा.