खानापूरच्या पावसात फोटो छापताना
टँकवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई भरायच्या प्रिंटरवर फोटो स्वस्तात पडतात, असं म्हणतात ते पटतं. पण चार शायांच्या मॉडेलवर चेहऱ्याचे उजळ भाग दाणेदार दिसू शकतात. सहा शायांच्या काही मॉडेलमध्ये फिकट निळी आणि फिकट गुलाबी जास्तीची असते, त्वचेचा रंग मऊ उतरतो. फोटोंसाठीच प्रिंटर घ्यायचा तर मी तसाच घेईन.

आमच्या खानापुरात पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. उघड्या पाकिटातला ग्लॉसी कागद दमट हवेने वळतो. आईच्या साठीचा फोटो छापल्या छापल्या फ्रेममध्ये घातला, तर काचेला चिकटला आणि काढताना फाटला. अजून हळहळ वाटते. आता फोटो दिवसभर सुकवतो, काचेआड माउंट, म्हणजे फोटो काचेला टेकू न देणारी पुठ्ठ्याची चौकट घालतो. आणि आठवड्याला एखादं रंगीत पान काढाच, नाहीतर प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, शाई सुकते.