अनुभव धागा : तुमचं शहर कोणी घडवलं?

पुढाऱ्यांनी काय केलं हे निवडणुकीत ऐकायला मिळतंच. इथं आडते (शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणारे), दुकानदार, डॉक्टर, मेसवाल्या मावशी यांच्याबद्दल लिहा. माणसांची नावं नकोत, काम लिहा. मराठवाड्यातलं कुठलंही शहर चालेल. सुरुवात मी करते.

औशाकडची शेतकऱ्याची लेक

माझे वडील लातूरच्या आडत बाजारात तूर, सोयाबीन घालायचे. माझं कॉलेज ठरलं तेव्हा घरातला होता नव्हता तो पैसा पेरणीत गेला होता. वडील मला घेऊन आडतीवर गेले. गादीवरच्या काकांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, फीचे पैसे मोजून दिले आणि मला विचारलं, "बाई, राहायची सोय कुठं केलीस?" जामीन नाही, अर्ज नाही. दिवाळीच्या सुमारास माल आला, हमालांनी कट्टे उतरवले, मापाड्यानं वजन केलं आणि पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, उचल (आधी घेतलेले पैसे) वजा झाली.

हे नुसते उपकार नव्हते, हेही सांगते. उचल घेतली की माल त्याच गादीवर घालावा लागतो, शेजारी भाव चढा असला तरी. पण ऐन पेरणीत शेतकऱ्याच्या पोरीची फी दुसरं कोण भरणार होतं? लातूर पॅटर्नचं, म्हणजे इथल्या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीचं, श्रेय शिक्षकांना मिळतं, मिळायलाच हवं. त्यात आडतीवरच्या या वह्यांचाही मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

लातूरच्या गंजगोलाई बाजारातला भांड्यांचा दुकानदार

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, १० वाघिणींची, साधारण ५ लाख लिटर. ती देशभर गाजली. त्याच काळात व्यापारी, डॉक्टर, वकील, प्राध्यापक एकत्र बसले, 'जलयुक्त लातूर' म्हणून वर्गणी सुरू झाली आणि साई ते नागझरी असं १८ किलोमीटर मांजरेचं पात्र रुंद-खोल करायचं काम हाती घेतलं. आमच्या ओळीतली वर्गणी मी फिरून गोळा केली. ओट्याच्या जागेवरून ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं, त्यांनीच सगळ्यांत आधी पैसे काढून दिले. आता आमचा चहा एकत्र होतो.

निलंगा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या सकाळी आमच्या किराणावाल्यानं दुकान उघडून दिलं. लागेल ते न्या म्हणाला. हिशेब लिहिलाच नाही.

जालन्याजवळचं खेडं

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, १९९८ ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे पुस्तकातही सापडेल. आमच्या घरी ती कंपनी म्हणजे कपाशीचा बियाण्याचा प्लॉट. आई दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधायची, नखानं पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायची, खूण करून ठेवायची. सकाळी नराचं फूल आणून त्यावर हलकेच फिरवायचं. काम नाजूक, पाठ मोडणारं. पण त्या पैशातून विहिरीवर मोटार बसली. जालन्याचा उद्योग म्हटलं की लोक सळईचं नाव घेतात. बियाण्यामागच्या या बायांचे हात कुणी मोजत नाही.

लातूर, मेस चालवणारी

वरच्या औशाकडच्या ताईंचं पटलं, म्हणून लिहिते. नीटची तयारी करणारी लेकरं माझ्याकडे जेवतात. परभणी, नांदेड, बीडकडची. परीक्षा जवळ आली की पोरं जेवण टाळतात, तेव्हा मी डबा खोलीवर पाठवते. गावाकडून पैसे उशिरा आले तर ताट थांबवत नाही. क्लासच्या पाट्या मोठ्या आहेत, पण ही पोरं टिकतात ती आमच्या गल्लीतल्या बायांच्या स्वयंपाकावर. व्यापाऱ्यांच्या बैठकीचं आम्हाला कधी बोलावणं येत नाही. या खेपेला आम्ही मेसवाल्या मिळून आपणच जाणार आहोत. गॅस सिलिंडरचा आणि गल्लीतल्या नळाच्या पाण्याचा प्रश्न तिथं मांडायचा आहे.