पहिलाच ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. लांबच्या प्रवासाआधी सल्ला हवा आहे

नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या महिन्यात एक वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम नव्हे, तर आपल्या गाडीमागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. तो २०१७ सालचा आणि २२ फूट लांबीचा असून त्याचे कोरडे वजन (पाणी, गॅस, सामान काही न भरता) ४,१०० पौंड आहे. आमची सात आसनी एसयूव्ही ५,००० पौंड ओढू शकते, असे तिच्या पुस्तिकेत लिहिले आहे. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून ‘९०० पौंड शिल्लकच राहतात, मग काळजी कसली’ असे सांगितले, आणि आम्हीही मान डोलावली. ट्रेलरच्या ब्रेकसाठीचा कंट्रोलर मात्र गाडीत आधीच बसवून घेतला होता.

दोन आठवड्यांपूर्वी घरापासून ४० मैलांवरच्या एका कॅम्पग्राउंडवर दोन रात्री राहून आलो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असल्याने आम्ही दोघे, दोन मुले आणि ते दोघे असे सहा जण होतो. प्रवासाला घरचेच पाणी हवे असा बाबांचा आग्रह असल्याने निघताना ४० गॅलनची टाकी काठोकाठ भरून घेतली. (त्यांना मागे ट्रेलरमध्ये आडवे होऊन प्रवास करायचा होता. त्याला मी नकार दिला आणि त्यावरून पहिला तास शांततेत गेला.) हमरस्त्यावर साधारण ६५ मैल वेगाने जात असताना एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि ट्रेलर मागच्या मागे डावी-उजवीकडे झुलू लागला. मी घाबरून ब्रेक दाबला, तेव्हा झोके कमी होण्याऐवजी आधी वाढलेच. परतताना अंधार पडला होता, तर समोरून येणारे लोक सारखे अप्पर-डिपर मारत होते. माझे दिवे अप्परवर नव्हतेच. घरी आल्यावर पाहिले, तर गाडीचा मागचा भाग इतका खाली बसला होता की पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते.

मुक्कामाच्या ठिकाणीही गोंधळ झाला. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की तिसऱ्या मिनिटाला वीज जाई. सकाळी पोह्यांची फोडणी पडताच धुराचा अलार्म कोकलला आणि शेजारच्या साइटवरील गृहस्थ अग्निशामक हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले. सांडपाण्याच्या टाकीला दुसऱ्याच दिवशी असा वास येऊ लागला की खिडक्या उघड्या ठेवून झोपावे लागले.

आता ऑक्टोबरमध्ये पानगळीचे रंग पाहण्यासाठी व्हर्जिनियातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात, बिग मेडोज कॅम्पग्राउंडवर जाण्याचा विचार आहे. माझा मुख्य प्रश्न असा, की झुलण्याचे कारण माझे चालवणे आहे, ट्रेलरची जोडणी आहे की मुळात गाडीच अपुरी आहे? वजन वाटून देणारी हिच (गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारा सांधा) घेतली तर भागेल का? त्याशिवाय वीज, टाक्या आणि आपला स्वयंपाक यांबद्दल अनुभवी मंडळींनी सांगितले तर फार उपकार होतील. टायर जवळजवळ नवे दिसतात, त्यामुळे त्यांची चिंता वाटत नाही.

उनाडवाट यांचा प्रतिसाद

आपण विचारले आहे त्याच क्रमाने उत्तर देत नाही, कारण बाकीचे सारे वजनाच्या हिशेबानंतर येते.

‘गाडी ५,००० पौंड ओढते’ हा आकडा आपण बाजूला ठेवा. चालकाचे दार उघडून चौकटीवर चिकटवलेले टायर आणि वजनाचे स्टिकर वाचा. ‘माणसे व सामान मिळून यापेक्षा अधिक वजन नको’ अशा अर्थाचा एक आकडा तेथे असतो. आपल्या गाडीच्या प्रकारात तो बहुधा १,३०० पौंडांच्या आसपास निघेल. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जेवढा भार टाकतो, तो भारही गाडीच्या दृष्टीने सामानच असतो आणि याच आकड्यातून वजा होतो, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. ट्रेलर स्थिर राहायचा असेल तर भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायलाच हवा.

आता आपला ट्रेलर मोजू. कोरडे वजन ४,१०० पौंड. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचे, म्हणजे बाबांचे ४० गॅलन पाणी ३३२ पौंडांचे झाले. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर ७५, बॅटरी ६०, आणि भांडी, अंथरुणे, खुर्च्या, किराणा मिळून ४०० धरू. बेरीज ४,९६७ पौंड. त्याचे १३ टक्के म्हणजे जवळपास ६५० पौंड हिचवर आले. सहा माणसांचे ८०० पौंड धरले तर १,४५० झाले. शिवाय ५,००० पौंड ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत हिचवरील भाराची मर्यादा ५०० पौंडांची असते, तीही पुस्तिकेत पाहून घ्या. ‘९०० पौंड शिल्लक’ हे गणित तेथेच संपते.

मागचा भाग खाली बसणे, दिवे वर जाणे आणि झुलणे या तीन वेगवेगळ्या तक्रारी नाहीत. मागच्या चाकांच्याही मागे भार आला की तरफेसारखे पुढचे टोक उचलले जाते, पुढच्या चाकांवरचे वजन घटते आणि स्टिअरिंग हलके लागू लागते. वजन वाटून देणारी हिच यातील काही भार पुढच्या चाकांवर परत नेते, म्हणून ती घ्यावी, पण दारावरच्या स्टिकरचा आकडा तिने एका पौंडानेही वाढत नाही, उलट तिचे स्वतःचे वजन त्यात भरच घालते. काही गाड्यांच्या उत्पादकांना ही हिच मान्यच नसते, तेव्हा पुस्तिका वाचूनच खरेदी करा.

एका मोहापासून मात्र आपल्याला आधीच सावध करतो, कारण मी स्वतः त्याला बळी पडलो होतो. हिचवरचा भार कमी करण्यासाठी जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला हलवावे, असे प्रत्येकाच्या मनात येते. गाडी लगेच सरळ दिसू लागते आणि आपण खूश होतो. प्रत्यक्षात पुढचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर घड्याळाच्या लंबकासारखा वागतो. जड सामान चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवावे.

ट्रेलर झुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलावा आणि कंट्रोलरवरील हाताने चालवायचा खटका हळूहळू सरकवावा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. हा खटका कोठे आहे, हे बोटांना न पाहता सापडले पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये २० मैल वेगाने दहा वेळा सराव करा.

टायरबद्दल आपण निश्चिंत आहात, म्हणून मला काळजी वाटते. ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त मरतात. नक्षी शाबूत असते आणि आतले थर सुटलेले असतात. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनंतरचे शेवटचे चार अंक पाहा. ‘२२१७’ असेल तर तो टायर २०१७ सालच्या २२व्या आठवड्यात बनला आहे आणि तो बदलायलाच हवा. नवे टायर घालाल तेव्हा पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. अनेक ट्रेलर टायर ६५ मैल वेगासाठीच असतात. मी स्वतः ६० च्या पुढे जात नाही.

प्रवास चालू असताना ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास अनेक राज्यांत बंदी आहे. नकार देऊन आपण योग्यच केलेत.

वजन अंदाजाने धरू नका. ट्रक थांब्यांवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचे वजनकाटे, असतात. एकदा ट्रेलरसह आणि एकदा केवळ गाडीचे, पण सहाही माणसे बसवून वजन करा.

सांडशी यांचा प्रतिसाद

वजनाबद्दल वरील प्रतिसादात सर्व आले आहे. मी स्वयंपाकघराकडून लिहिते.

विजेचे गणित सोपे आहे. आपल्या ट्रेलरची विजेची जोडणी बहुधा ३० अँपिअरची म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॉटची असेल. एसी साधारण १३ अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह तेवढेच, आणि पाणी तापवण्याचा बंब विजेवर असेल तर आणखी १२. तिन्ही एकदम चालत नाहीत. बंब गॅसवर ठेवावा आणि मायक्रोवेव्ह लावताना एसी पाच मिनिटे बंद करावा. घरी ट्रेलरसाठी वेगळा सॉकेट बसवणार असाल, तर इलेक्ट्रिशियनला तो १२० व्होल्टचा असल्याचे लिहून द्या. ३० अँपिअरचा सॉकेट दिसला की कपडे वाळवण्याच्या यंत्राचा समजून २४० व्होल्ट जोडले जातात आणि आतली सर्व उपकरणे एका क्षणात जळतात. कॅम्पग्राउंडवर विजेच्या खांबाला आधी सदोष विजेपासून वाचवणारा संरक्षक लावून मगच ट्रेलर जोडावा.

फोडणी आत करूच नये. बाहेर छताच्या कापडाखाली, पण कापडापासून दूर, छोटी शेगडी लावावी. कुकरची वाफही बाहेरच बरी, कारण एवढ्याशा जागेत ती भिंतींवर पाणी होऊन उतरते. थंडी वाजते म्हणून आतली शेगडी पेटवून ऊब घेणे तर मुळीच नको.

सांडपाण्याच्या टाकीला आलेला वास तेलाचा आणि डाळीचा असतो. आपल्या भांड्यांतील तुपातेलाचा ओशटपणा टाकीच्या भिंतींना धरतो आणि वर भाताची शिते कुजतात. प्रत्येक ताट विसळण्यापूर्वी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा आणि सिंकमध्ये बारीक जाळी ठेवावी. आम्ही ही शिस्त लावल्यापासून वास गेला.

शौचालयाची टाकी वेगळी असते. तिची झडप मुक्कामात उघडी ठेवण्याची चूक नवे लोक करतात, मग पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी ढीग होऊन वाळतो. झडप बंद ठेवावी, टाकी दोन तृतीयांश भरल्यावर आधी ती रिकामी करावी आणि नंतर सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुऊन निघते. आपली पाणी वापरण्याची सवय येथे फार उपयोगी पडते. भरपूर पाणी गेले की या टाकीचे आरोग्य उत्तम राहते, फक्त ती लवकर भरते.

गारवा यांचा प्रतिसाद

मार्गाबद्दल थोडे. आय-९५ महामार्गाने खाली दक्षिणेकडे जाऊ नका. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत, फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर टनेलमध्ये, १० पौंडांपेक्षा मोठा गॅस सिलिंडर नेण्यास बंदी आहे. पूर्वी ट्रेलरवाले तेथल्याच ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जात, पण तो मार्च २०२४ मध्ये कोसळला. आपल्यासाठी आय-७८ने हॅरिसबर्गकडे आणि तेथून आय-८१ने दक्षिणेकडे जाणे सोपे. व्हर्जिनियातील हॅरिसनबर्गहून यूएस-३३ रस्त्याने स्विफ्ट रन गॅप या उद्यानाच्या प्रवेशद्वाराला वर चढा. उत्तरेकडून स्कायलाइन ड्राइव्ह या उद्यानातल्या रस्त्याने आलात तर मेरीज रॉक बोगदा लागतो, त्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. एसीसह आपला ट्रेलर त्यात मावेल, पण पहिल्या खेपेला ती परीक्षा कशाला?

बिग मेडोजला साइटवर वीज-पाण्याची जोडणी नाही. ऑक्टोबरच्या रात्री हीटरचा पंखा बॅटरी खातो आणि साध्या एका बॅटरीवर तो पाच-सहा तास चालला तरी पुष्कळ. वृद्ध आई-वडील सोबत आहेत, तेव्हा या खेपेस डोंगराखाली लुरे गावाच्या परिसरात जोडणी असलेले ठिकाण घ्यावे आणि उद्यानात केवळ गाडीने फिरून यावे, असे मी सुचवीन.

मूळ धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. दारावरच्या स्टिकरवर १,३१० पौंड लिहिलेले निघाले. टायरवरचे चार अंक ‘१९१७’ होते. सर्व टायर बदलले. उजव्या मागच्या टायरला आतल्या बाजूने, जमिनीवर पाठ टेकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा, मुठीएवढा फुगवटा आलेला होता.

काल सहाही जणांना बसवून वजन करून आलो. केवळ गाडी असताना पुढच्या चाकांवर २,६२० आणि मागच्या चाकांवर २,६६० पौंड होते. ट्रेलर जोडल्यावर पुढे २,३३० आणि मागे ३,५९० झाले. म्हणजे हिचवर ६४० पौंड येतात, पुढची चाके २९० पौंडांनी हलकी होतात, आणि गाडीचे ५,९२० पौंड तिच्या ५,७६० या एकूण मर्यादेपेक्षा १६० ने जास्त आहेत. ट्रेलर ४,८८० पौंडांचा भरला, तोही पाण्याची टाकी पूर्ण रिकामी असताना. ४०० पौंड सामानाचा अंदाज आमच्या घराला लागू नाही. आईने पलंगाखाली जात्यापेक्षा थोडाच हलका असा बिडाचा तवा आणि खलबत्ता ठेवलेला सापडला.

त्यामुळे ऑक्टोबरच्या प्रवासाला ट्रेलर नेणार नाही. लुरेजवळ एक केबिन मिळाली आहे. दरम्यान वापरलेला पिकअप ट्रक शोधत आहे. एकाच नावाच्या दोन ट्रकांच्या दारांवर वेगवेगळे आकडे पाहून चकित झालो. सनरूफ आणि चामड्याच्या आसनांचा ट्रक जास्त महाग आणि वजन मात्र कमी पेलणारा निघाला. शनिवारी आणखी दोन पाहायला जाणार आहे. दोन्ही स्टिकरांचे फोटो येथे चढवतो, कृपया पाहून सांगावे.