पाचवीच्या मुलांना प्रेझेंट सिंपल कसा शिकवायचा?

सत्तरीची टीचर:
नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडची बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत असतात आणि पाचवीला एकदम सगळे विषय इंग्रजीतून सुरू होतात. प्रेझेंट सिंपलची व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस, हे वर्ग एका सुरात सांगतो. वही उघडली की मात्र ‘आय ॲम गो टू स्कूल’, ‘माय मदर कुक राइस’, ‘ही डझन्ट प्लेज’. हे मुलांचं दुर्लक्ष आहे, की शिकवण्याच्या क्रमातच काही बदलायला हवं? घरी मराठी-कोकणी बोलणाऱ्या मुलांना शिकवलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

पेडण्याचा मास्तर:
टीचर, दुर्लक्ष अजिबात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली इंग्रजी घरांतल्या तीन लहान मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्यय वगैरे मिळून चौदा घटक तपासले. त्यात आयएनजी सगळ्यांत आधी पक्का झाला आणि ‘ही’, ‘शी’चा नियमित एस दहाव्या क्रमांकावर आला. ज्यांची ती आईची भाषा, त्यांनाही तो उशिरा येतो. मग आपल्या मुलांनी चतुर्थीच्या सुट्टीआधी तो बिनचूक लिहावा, असा धोशा लावू नये.

‘आय ॲम गो’चं मूळ निराळं आहे. पहिलीपासून मुलांनी ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम फाइन’ हेच ऐकलेलं असतं. त्यांच्या लेखी ‘आय ॲम’ म्हणजेच ‘मी’. लाल शाईने ते जात नाही. मी वर्षाच्या सुरुवातीला वह्या बंद ठेवून नुसती ‘आय’ची वाक्यं करून घ्यायचो, हातवाऱ्यांसकट: आय गेट अप, आय वॉश माय फेस, आय ईट, आय वॉक. ही, शी, इट त्यानंतर.

व्याख्याही थोडी बाजूला ठेवा. सूर्य पूर्वेला उगवतो हे खरंच, पण त्यावर मूल बोलणार काय? त्यापेक्षा पोदेर घ्या, म्हणजे आपला दारोदार येणारा पाववाला. ‘द पोदेर कम्झ एव्हरी मॉर्निंग.’ मग विचारा, आत्ता आपण वर्गात बसलोय, या घडीला पोदेर येतोय का? नाही. तरी वाक्य खरं आहे ना? इथे मुलं क्षणभर गप्प होतात आणि मग हात वर येतात. काळाच्या नावात ‘वर्तमान’ असलं तरी हा काळ ‘आत्ता’बद्दल बोलत नाही, नेहमीबद्दल बोलतो, हे त्यांचं त्यांनाच कळतं. पुढे त्यांच्याच घरातली वाक्यं काढा. आजोबा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करतात. म्हादई सत्तरीतून वाहते. नकारासाठी तर ‘ट्रॉलर्स डू नॉट गो टू सी इन जुलै’. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि बाजारात मासळी महागली की डोंगरातल्या मुलालाही ते समजतं.

आता एस. जातो, जाते, जातात: कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलतं हे आपली मुलं बोलताना पाळतातच, ती सवय हाताशी आहे. कान मात्र तयार करावा लागतो, आणि त्यासाठी मराठी व्याकरणातली कठोर-मृदू व्यंजनं उत्तम उपयोगी पडतात. शेवटी क, ट, प, फ असं कठोर व्यंजन असेल तर स ऐकू येतो: कुक्स, ईट्स, स्टॉप्स, लाफ्स. ग, ड, ब किंवा न, म, ल, र किंवा स्वर असेल तर ‘माझा’मधला झ: डिग्झ, रीड्झ, रन्झ, गोझ. च, ज, श, स, झ यांच्यानंतर मात्र इझ: वॉचिझ, वॉशिझ. हे मोठ्याने म्हणून घ्या. जो एस कानाला ऐकूच येत नाही, तो वहीत उतरणार कसा?

फोंड्याहून एक आई:
सरांनी ‘डझन्ट प्लेज’बद्दल लिहिलं नाही म्हणून सांगते. माझी मुलगी तेच लिहायची. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या. एकीवर ‘प्ले’, एकीवर ‘डू’ आणि एका छोट्या चिठ्ठीवर फक्त एस. ‘शी प्लेज’ असेल तेव्हा छोटी चिठ्ठी ‘प्ले’ला चिकटते. ‘नॉट’ आलं किंवा प्रश्न विचारायचा झाला की तीच चिठ्ठी उचलून ‘डू’जवळ ठेवायची, त्याचं ‘डझ’ होतं आणि ‘प्ले’ पुन्हा मोकळं राहतं. चिठ्ठी एकच असल्यामुळे दोन्हीकडे लावताच येत नाही. स्वतःच्या हाताने हलवल्यावर तिला ते लगेच पटलं.

सत्तरीची टीचर:
दोघांचेही मनापासून आभार. चिठ्ठ्या उद्याच करते. एक शंका राहिली. बोलताना एस गळला की तिथल्या तिथे सुधारायचं का? आणि ‘इज गोइंग’ लगेच शेजारी शिकवायचं का? चाचणीत दोन्ही एकत्र येतात.

पेडण्याचा मास्तर:
ताईंची चिठ्ठी मला फार आवडली.

लिहिताना खूण करा, बोलताना अडवू नका. मूल ‘माय मदर कुक राइस’ म्हणालं तर आपण आनंदाने विचारायचं, ‘शी कुक्स राइस? डझ शी कुक फिश टू?’ बरोबर रूप कानावर पडतं आणि मुलाचं बोलणंही थांबत नाही. अडवलेलं मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही, आणि पाचवीत ते नुकसान एका एसपेक्षा कितीतरी मोठं आहे.

‘इज गोइंग’ थोडं थांबू द्या. नेहमीची वाक्यं न अडखळता यायला लागली की मग खिडकीपाशी उभं करून विचारा, बाहेर आत्ता काय चाललंय? चाचणीच्या रिकाम्या जागांसाठी ‘एव्हरी डे’ आणि ‘नाऊ’ या खुणा शेवटच्या आठवड्यात दाखवल्या तरी पुरतात. फक्त ‘नो’ (माहीत असणे), ‘वॉन्ट’, ‘लाइक’ ही तीन क्रियापदं वेगळी काढून ठेवा. ‘नाऊ’ दिसलं की मुलं ‘आय ॲम नोइंग’ लिहून मोकळी होतात.