'जसं आहे तसं' लिहून विकलेला रुपया खरेदीदार परत करतोय. घ्यावा का?

चवली_पावली
1918 चा पंचम जॉर्जचा रुपया, मुंबई टांकसाळ, ऑनलाइन लिलावात गेला. वर्णन होतं: 'एयू, मूळ चमक, जसं आहे तसं' (एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं). दोन्ही बाजूंचे फोटो होते, वजन आणि कडेचा फोटो नव्हता. पार्सल मिळाल्यावर चौथ्या दिवशी खरेदीदाराचा निरोप आला की नाणं घासलेलं आहे, पैसे परत करा. अटींनुसार परतीची मुदत सात दिवस, पण 'बनावट किंवा चुकीचं वर्णन' असेल तरच. 'जसं आहे तसं' म्हटल्यावर विक्रेता मोकळा होत नाही का? आणि पुढच्या वेळी वर्णनात नेमकं काय काय द्यावं?

कड_बघा
नाही होत. 'जसं आहे तसं' हे न सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टींपुरतं चालतं. 'मूळ चमक' हा तुम्ही स्वतः केलेला दावा आहे आणि नाणं घासलेलं असेल तर तो खोटा ठरतो. मग वर्णन चुकीचंच.

घासलंय की नाही हे असं बघा. एकाच दिव्याखाली नाणं कडेला धरून हळूहळू तिरपं करा. टांकसाळीची चमक असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा नाण्यावर गोल फिरतो. पॉलिश केलेलं नाणं आरशासारखं सगळीकडून एकदम चकाकतं, पट्टा फिरत नाही. मग 10 पट भिंग घ्या. मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात का? त्या अक्षरांच्या माथ्यावरूनही गेल्यात का? अक्षरांच्या कुशीत काळा मळ आणि बाजूची जागा लख्ख, असं असेल तर रांगोळी किंवा टूथपेस्टने काम उरकलेलं आहे. असं नाणं एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्यांचा दर्जा आकड्यात ठरवणाऱ्या संस्थांकडे पाठवलं तर नुसता आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' (नाणं खरं, पण दोष आहे) असा शेरा पडतो आणि किंमत उतरते. खरेदीदाराची तक्रार त्यासाठीच आहे.

पुढच्या वेळी वर्णनात वजन दोन दशांशांपर्यंत द्या (या रुपयाचं प्रमाण वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के). व्यास द्या, कडेचा फोटो द्या, साल आणि टांकसाळीची खूण जवळून दाखवा. फोटोला फिल्टर नको. दिवा घड्याळातल्या दहाच्या जागी ठेवून एक फोटो आणि दोनच्या जागी ठेवून दुसरा. समोरून फ्लॅश मारलात तर रेघा लपतात, आणि खरेदीदाराला वाटतं मुद्दाम लपवल्या.

बोलीवाला
वरच्याशी सहमत, पण एक फरक करा. 'तुम्ही एयू म्हणता, मला एक्सएफ (त्याखालचा दर्जा) वाटतं' हे परतीचं कारण नाही. दर्जाच्या एका पायरीचा मतभेद खरेदीदाराने बोली लावतानाच धरायचा असतो. साफसफाई, जोडकाम, भरलेलं भोक, कडी लावून काढल्याची खूण, बदललेलं साल हे मात्र मत नव्हे, दोष आहेत. ते सांगितले नाहीत तर नाणं परत घ्यावंच लागतं.

खरेदीदारांचाही एक गैरसमज असतो. हातोडा किंमत, म्हणजे बोली जिथे थांबते तो आकडा, ही शेवटची किंमत नव्हे. समजा तुम्ही कमाल 9,000 ची प्रॉक्सी लावली (त्या कमालीपर्यंत तुमची बोली आपोआप वाढते), दुसऱ्याची कमाल 6,500 आहे आणि बोली 250 च्या पायरीने वाढते. लॉट, म्हणजे लिलावातलं ते नाणं, तुम्हाला 6,750 ला मिळतो. त्यावर बायर्स प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क) 15 टक्के असेल तर 1,012.50, म्हणजे 7,762.50. शिवाय जीएसटी आणि टपाल. उलट विक्रेत्याचं 10 टक्के कमिशन कापलं तर त्याच्या हातात 6,075 पडतात. दोघांच्या आकड्यांत 1,687.50 चं अंतर, आणि भांडणं बहुतेक त्याच अंतरावरून होतात. टक्केवारी लिलावघरागणिक बदलते, बोलीआधी बघून घ्या. दोघांची कमाल सारखीच निघाली तर सहसा ज्याची आधी लागली त्याला लॉट मिळतो, म्हणून शेवटच्या सेकंदाची मारामारी फारशी कामाची नाही.

दुदांडी
तांब्याचं गणित वेगळं. शिवराईवर चिंच-लिंबू लावून ती गुलाबी करून टाकली की संपलं. तो काळपट-तपकिरी थर हीच तिची किंमत. वजनावरून शिवराई पारखायला जाऊ नका, टांकसाळ आणि काळ बदलला की वजन बदलतं. छाप बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. ठसा नाण्याहून मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं आणि बाहेरचं ठिपक्यांचं वर्तुळ पूर्ण उतरलेलं क्वचित मिळतं. विक्रेत्याने कुठलं अक्षर कापलंय ते लिहावं. सगळंच स्वच्छ आणि पूर्ण दिसलं तर आधी कड तपासा: ओतीव नकलेला तिथे जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे असतात.

खाडीपलीकडचा (दुबई)
लॉट जिंकल्यावर विक्रेता इथे पाठवू शकतो का?

कड_बघा
शंभर वर्षं उलटलेलं नाणं नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यात ते पुरावशेष ठरतं, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. भारतातल्या पत्त्यावर घ्या आणि इथेच ठेवा. 'भेटवस्तू' लिहून पाठवतो म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहा.

बोलीवाला
पार्सल आल्यावर धातू घरीच तपासता येतो. 0.01 ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळतं सोडा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. 11.66 ग्रॅमच्या जुन्या रुपयाला काटा साधारण 1.13 दाखवतो. 50 टक्के चांदीच्या रुपयाला 1.22 च्या आसपास, तांबं-निकेलच्या नकलेला 1.31. त्यामुळे 1939 चा दुर्मिळ रुपयासुद्धा पारखता येतो.

कड_बघा
तिथे फसाल. 1938 च्या रुपयातला 8 कोरून 9 केला तर धातू तोच, पाण्यातली परीक्षा बिनबोभाट पास. 1939 साठी शेवटचा आकडा भिंगाखाली बघा: आजूबाजूला खरवडलेली जागा, वेगळा रंग, जाडीतला फरक. कडही बघा. चाळीसच्या दशकातल्या 50 टक्के चांदीच्या रुपयांना दातांच्या मधोमध खाच असते, ती दिसली तर तो 1939 चा नाहीच. 1911 म्हणून विकल्या जाणाऱ्या रुपयाचंही तसंच. खऱ्या 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड असून तो डुकरासारखा दिसतो, म्हणून त्या रुपयाला 'डुकराचा रुपया' म्हणतात. 1912 पासून सोंड लांब झाली. सोंड लांब आणि साल 1911 असेल तर साल बदललेलं आहे.

चवली_पावली
लिलावाच्या वेळचे मूळ फोटो मोठे करून पाहिले. राजाच्या गळ्यामागे आडव्या रेघा आहेत, अक्षरांवरूनही गेल्यात. नाणं परत घेतोय. जाण्या-येण्याचं टपाल कोणाचं?

बोलीवाला
वर्णन तुमचं चुकलं, तेव्हा दोन्ही बाजूंचं तुमचं. पण पैसे सोडण्याआधी तेच नाणं परत आलंय याची खात्री करा. पार्सल सीलपासून एका सलग व्हिडिओत उघडा, लगेच वजन करा आणि त्या रेघा, कडेवरचे टोचे जुन्या फोटोशी जुळवा. विम्याशिवाय पाठवू नका असं खरेदीदाराला आजच कळवा. बऱ्याच कुरियरच्या अटींत नाणी वगळलेली असतात, गहाळ झाली तर कोणी दाद घेत नाही. नाणं प्लास्टिकच्या मऊ पाकिटात सुटं नको, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत हलणार नाही असं चिकटवून.

दुदांडी
आणि ते मऊ पीव्हीसी पाकीट घरातही वापरू नका. काही वर्षांनी नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. आलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि अजिबात घासू नका.